दरडीतली सदतीस झाकणं

"हात नका लावू अब्बा. नुसती काडी लावा," कहकशां म्हणाली.

जमीर मिस्त्रीने नोझलमधला कचरा काढायची बारीक तार खाली ठेवली आणि गवताची काडी घेतली. दुकानामागच्या लाल मुरमाच्या दरडीवर, गुडघ्याएवढ्या उंचीला, आठ आण्याच्या नाण्याएवढं एक झाकण होतं. झाकण कसलं, मातीच ती. पण नीट पाहिलं तर कडेने गोल चीर दिसायची आणि वरच्या बाजूला रेशमी बिजागरी. त्याने काडीच्या टोकाने झाकण जरासं उचललं. आतून कोणीतरी ते खसकन ओढून घेतलं. ती ओढ काडीतून थेट त्याच्या बोटांपर्यंत आली, आणि चोपन्न वर्षांचा तो माणूस खुदकन हसला.

"बापरे! जोर पाह्यला का हिचा? माह्या पंपाच्या दट्ट्यात नाई एवढा."

"कोळ्याची मादी हाय ते. वीस-पंचवीस वर्षं एकाच बिळात राह्यते. दार सोडून कुठी जात नाई. ही चौदा नंबरवाली माह्यापेक्षा मोठी असन, अब्बा."

"मंग आपा म्हण तिले," जमीर म्हणाला.

घरात त्यांची बोली हिंदी. पण दुकान आणि दुकानाचा परिसर म्हटलं की बापलेकीच्या तोंडी आपसूक वऱ्हाडी यायची, कारण तिथे दिवसभर कानावर तीच पडायची. राळेगावातून वडकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपतं तिथे, जमीरचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. पुढे टिनाचं छप्पर, मागे घर, घरामागे नाला आणि नाल्याची ही दरड. चहूकडे काळी माती आणि रस्त्यापर्यंत आलेली कपाशीची पऱ्हाटी. नांगर लागला नव्हता तो एवढ्याच वीस-पंचवीस हात मुरमाला, कारण त्यात काही पिकलं नसतं.

कहकशां यवतमाळहून प्राणिशास्त्रात एमएस्सी करून आली, त्याला दीड वर्ष झालं होतं. गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात खिडकीतून बाहेर बघायची. चुलीची राख टाकायला मागे गेली असताना एके दिवशी तिला ही झाकणं दिसली. तिने मोजली, सदतीस भरली. जमीरच्या भंगाराच्या डब्यातले झिजलेले वायसर, म्हणजे पंपातल्या गोल चकत्या, घेऊन तिने त्यांवर रंगाने नंबर टाकले आणि प्रत्येक झाकणाशेजारी एकेक वायसर खिळ्याने ठोकला. मग फोटो काढून आणि एक मेलेला कोळी स्पिरिटच्या बाटलीत घालून नागपूरच्या देवीलाल सरांना पाठवला. सर एका संस्थेत कोळ्यांवर काम करत. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं म्हणे.

सरांचं पत्र आलं ते कहकशांने बापाला दोनदा वाचून दाखवलं. या कोळ्याची नोंद फार जुनी आणि तीही एकाच मेलेल्या कोळ्यावरून केलेली. जिवंत वस्ती आजवर कुणी पाहिलेली नाही. भाद्रपदात मी स्वतः येतो. वस्ती जागेवर पाहू दे. खरी निघाली तर चार वर्षांच्या कामात मदतनीस म्हणून तुलाच घेतो, कारण ती तू शोधलीस.

"लोगां के बेटियां सोना ढूंढते, हमारी ने किडे ढूंढे," गुलनार म्हणाली. पण तिनेही त्या दिवशी शेवया केल्या, आणि मागच्या दोरीवर कपडे वाळत घालताना दरडीला धक्का लागू नये म्हणून दोरी हात-दीड हात अलीकडे बांधून घेतली.

जमीरचं तर विचारूच नका. फजरची नमाज झाली की तो काडी घेऊन दरडीपुढे हजर. एकेका झाकणाची खबरबात घ्यायची, आतून ओढ आली की पुढच्या झाकणाकडे सरकायचं. आपल्या पोरीला या मातीच्या दरडीतून नागपूरची वाट सापडली, याचा त्याला इतका आनंद झाला होता की गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. आणि आनंदाची त्याला गरजही होती. ते साल दोन हजार चार. बोंडअळी एका औषधाने मरेना म्हणून लोक दोन औषधं मिसळत, मग तीन. पंप रोज बिघडत. गावं जितकी खचत गेली तितकं जमीरचं दुकान भरत गेलं, आणि या गोष्टीची त्याला लाज वाटे. पेपरात पहिल्याच पानावर रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा आकडा छापून येई. जमीर पेपर मागून उघडायचा.

धंद्यात त्याचं नाव मात्र चोख होतं. हाताइतकंच नाकासाठी. पंपाच्या रिकाम्या टाकीत नाक घालून तो सांगायचा की यात शेवटचं मारलं ते मोनो, म्हणजे अळीचं औषध होतं, की तणनाशक. तणनाशकाचा पंप नीट न धुता कपाशीवर मारला तर पऱ्हाटी करपते, म्हणून लोक पंप त्याच्याकडे धुवायला देत. सोड्याच्या पाण्याने तीनदा धुवायचा, टाकीत नाक घालायचं आणि म्हणायचं, "पास." मिस्त्रीने पास म्हटलं की कुणी परत विचारत नसे.

श्रावण लागला आणि पावसाने दडी मारली. अठरा दिवस थेंब नाही. काळ्या मातीला भेगा पडल्या, दरडीच्या वरच्या कडेचा मुरूम सुटून खाली घसरू लागला. नेमकं त्याच वेळी कहकशांला यवतमाळला जावं लागलं. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून आकृत्या काढायच्या होत्या. सर येण्याआधी त्या हव्याच होत्या. शहराला लागूनच लोहाऱ्याला तिची मावशी अतिया राहत होती, तिच्याकडे ती बारा दिवस उतरली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या एसटीडीवर तिचा फोन आला.

"दरड कशी हाय, अब्बा?"

"वाळून राह्यली बेटा. आठ अन् नऊ नंबरच्या मंधात चीर पडली."

"ढासळू देऊ नका फक्त. एकदा ढासळली तं बीळ उघडं पडते, मंग ते दुसरं बांधत नाई."

"तू कायले फिकर करते? मी हावो ना."

बादलीने पाणी टाकलं तर मुरूम वाहून जाईल, एवढं जमीरला कळत होतं. त्याला बारीक तुषार हवे होते. आणि तुषार उडवणं हाच तर त्याचा धंदा होता. दुरुस्त झालेला पंप तो एरवी रस्त्याकडच्या नालीत चालवून बघायचा. त्या दिवसापासून त्याने तो दरडीवर चालवायला सुरुवात केली. अर्थात सांभाळून. आधी तीनदा धुतला, टाकीत नाक घातलं, काही आलं नाही. मग नोझल आवळून अगदी धुकं पडेल असं केलं आणि लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसा लांबून, हलक्या हाताने सबंध दरडीवरून पंप फिरवला. मुरूम गडद झाला, भेगा मिटल्या. रोज सकाळी एक पंप, संध्याकाळी एक. काडी लावायचं त्याने मुद्दाम बंद केलं. माती ओली आहे, झाकण तुटायचं. सात दिवसांनी फोनवर तो पोरीला म्हणाला, "येऊन पाहाय, दरड कशी राजावाणी बसली हाय ते."

त्याच सुमारास एका सकाळी चुलीवर दूध करपून पातेल्याच्या बुडाला काळं झालं. जमीर चुलीपासून दोन हातांवर चहाची वाट बघत बसला होता. गुलनार अंगणातून धावत आली. "घर में बैठ के बास नहीं आई तुम को?" ती ओरडली. "सर्दी है," जमीर म्हणाला, आणि त्याला खरंच तसं वाटलं.

सर यायच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीने कहकशां परत आली. पिशवी ओट्यावर टाकून ती तशीच मागे गेली. जमीर तिच्या मागोमाग, कौतुक ऐकायला. दरडीपासून चार पावलांवर ती थांबली.

"अब्बा, इथं औषध कोनं मारलं?"

"कोनंच नाई."

"वास येऊन राह्यला."

"कायचा वास?"

तिने वळून बापाकडे पाहिलं. "तुमाले येत नाई?"

जमीर दरडीजवळ गेला. गुडघे टेकले. ओल्या मुरमाला नाक लावलं आणि छाती भरून श्वास घेतला. औषधाचा तर नाहीच, त्याला मातीचाही वास आला नाही. करपलेलं दूध त्याला आठवलं. ईदला गुलनारने लावलेलं अत्तर आठवलं, ज्याला तो "हलका है" म्हणाला होता. तीस वर्षं टाकीत नाक घालून जे कमावलं होतं ते त्या टाक्यांनीच केव्हातरी काढून घेतलं होतं, आणि केव्हा, ते त्याला सांगता येत नव्हतं. वर्ष झालं होतं की तीन?

"पानी तुमी पंपानं मारलं?" कहकशांने विचारलं.

"तीनदा धुतलाता बेटा. दरखेपी तीनदा."

तिने काडी घेतली. एक नंबरचं झाकण उचललं. ते उघडलं आणि उघडंच राहिलं. दोन. तीन. चौदा नंबरच्या झाकणाशी ती जरा थांबली, मग तेही उचललं. आत, बिळाच्या तोंडाशी, पाय पोटाशी घेऊन आपा मरून पडली होती. काहींना मुंग्या लागल्या होत्या. सदतीस झाकणं तिने एकेक करून बघितली, आणि एकातूनही ओढ आली नाही. कहकशां रडली नाही. वहीत काढलेल्या आकृत्या ज्या पिशवीत होत्या ती पिशवी तिने ओट्यावरून उचलली आणि घरात गेली. जमीरला वाटलं, ही शिव्या देती तर बरं झालं असतं.

देवीलाल सर दुसऱ्या दिवशी दहाच्या बसने आले. साठीचे, सडपातळ, खांद्याला कापडी झोळी. दुकानाच्या बाकावर तेव्हा तिघे गिऱ्हाईक बसले होते. त्यांत तांड्यावरचा रूपसिंग होता. जुना पंप घेऊन आला होता. फवारणीला त्याने नवा घेतला होता. हा जुना धुऊन त्याला नवे पट्टे लावून हवे होते. विहीर तांड्यापासून मैलभर लांब, डोक्यावरून पाण्याचे दोन-दोन हंडे आणून बायको रुपीबाईची मान धरली होती. पाठीवर पंधरा लिटरची टाकी बांधली की डोक्यावरचं ओझं जाईल, असा त्याचा हिशेब.

सर दरडीपुढे बसले ते तासभर उठले नाहीत. भिंगातून बघत होते, चिमट्याने एकेक कोळी काढून तळहातावर घेत होते. बाकावरचे तिघेही उठून मागे येऊन उभे राहिले. शेवटी सरांनी मातीचा एक खडा उचलून हुंगला.

"हीच जात," ते म्हणाले. "काही शंका नाही. पण ही माती विषारी झाली आहे. कुणी फवारलं?"

जमीरच्या हातात पान्हा होता. मी, एवढंच म्हणायचं होतं.

"मी, सर," कहकशां म्हणाली. "दरड वाळत होती म्हणून पाणी मारलं. दुकानातला पंप घेतला. धुतलेला आहे असं समजले."

"मिस्त्रीनं धुतलेला नसन बावा तो," रूपसिंग मागून म्हणाला. "मिस्त्रीच्या नाकातून थेंब सुटत नाई. पोरीनं न इचारता उचलला असन."

जमीरने तोंड उघडलं. कहकशांने त्याच्याकडे पाहून मान किंचित हलवली, नको म्हणून. बाकावरचे तिघं बघत होते. तीस वर्षं ही माणसं त्याच्या एका शब्दावर पंप पाठीला लावत आली होती. जमीरने तोंड मिटलं. त्याने पोरीला खोटं बोलू दिलं, आणि आपण ते बोलू देतो आहोत हे त्याला त्या क्षणी पुरतं कळत होतं.

सर रागावले नाहीत. रागावते तर बोलणं तरी वाढलं असतं. त्यांनी चार कोळी नळीत भरले, चिठ्ठी लिहून आत टाकली, गुलनारने दिलेला चहा घेतला. निघताना कहकशांला म्हणाले, "तुझ्या आकृत्या चांगल्या आहेत. पण या कामात आधी जागा राखावी लागते, बाकीचं सगळं मागाहून. ते मी शिकवू शकत नाही." त्यांनी आकृत्यांची वही तिला परत दिली. दोनच्या बसला जमीर त्यांना सोडायला गेला. रस्ताभर सांगायचं सांगायचं म्हणत राहिला. बस आली, सर चढले, बस गेली.

त्या रात्री कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रूपसिंग पंप न्यायला आला. नवे पट्टे लावून जमीरने तो तयार ठेवला होता. धुतलाही होता, तीनदा. बाकावर कालच्यासारखेच दोघेतिघे होते. रूपसिंगने पट्टे ओढून बघितले.

"मजबूत झाले. पास ना, मिस्त्री? पोट्टे पिऊन राह्यतीन त्यातलं पानी."

पास म्हणायला जमीरने सवयीने टाकीकडे मान वाकवली. आणि ती वाकलेलीच राहिली.

"मले वास येत नाई, रूपसिंगभाऊ," तो टाकीतच बोलला. मग वर पाहून, बाकावरच्यांनाही ऐकू जाईल असं, पुन्हा म्हणाला. "माहं नाक गेलं. दरडीवर पानी पोरीनं नाई मारलं, मी मारलं. मीच धुतला होता पंप. मले वाटलं साफ हाय."

रूपसिंगच्या हातातून पट्टा सुटला.

"कधी गेलं?"

"तेच समजत नाई."

"मंग मागच्या साली लालसिंगच्या घरी असाच पंप धुऊन देल्लाता तुमी. पान्याले. त्याची सून अजून त्याच्यातच आणते."

जमीरला एकेक पंप आठवू लागला. लालसिंगचा एकच नव्हता. तांड्यावर चार, खाली नाल्याकडच्या वस्तीत तीन. सगळे त्याने पास केले होते. त्याने मान हलवली. रूपसिंगने जुना पंप तिथेच टाकला आणि तो निघाला. आधी चालत, मग रस्त्याला लागताच धोतर सावरून पळत. बाकावरच्या एकाने आपला पंप उचलला, दुसऱ्यानेही. कुणी त्याला वाईट बोललं नाही. ते वडकीच्या दिशेने निघून गेले. तिकडे दुसरा मिस्त्री होता.

कहकशां आतल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मंग काल कायले खोटी बोलली मी?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "एक तं राह्यलं असतं ना अब्बा. माहं नाई तं तुमचं."

काल बोललो असतो तर पोरगी नागपूरला गेली असती, आज बोललो नसतो तर दुकान राहिलं असतं. आपण दोन्ही वेळा उलटं केलं, आणि तरीही आजचं गिळून टाकता आलं नसतं. हे सगळं जमीरच्या मनात होतं, पण तोंडाने तो एवढंच म्हणाला, "पोट्टे पेनार होते बेटा त्यातलं."

ती पायऱ्या उतरून खाली आली. रूपसिंगने टाकलेला पंप तिने सरळ केला, ओढणी मागे सारली, टाकीच्या तोंडाशी वाकली आणि लगेच तोंड बाजूला केलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, औषधाने असेल.

"धुवा लागते," ती म्हणाली.

जमीरने सोडा घातला, हापशाचं पाणी भरलं, टाकी हलवली, दट्ट्या मारून नळीतलं सगळं पाणी नालीत काढलं. ती वाकली. मान हलवली. त्याने वायसर उघडून नवे टाकले, पुन्हा भरलं. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. ऊन टिनावर आलं. रस्त्यावरून एक सायकलवाला पंप घेऊन आला, दुकानाकडे बघून न थांबता पुढे गेला.

"आता?" जमीरने विचारलं.

"अजून वास येते," कहकशां म्हणाली.

त्याने बादली उचलली आणि हापशाकडे गेला.